काळा कागद

स्नेहलनं सुरीचं टोक खिडकीच्या काचेवरच्या काळ्या कागदाखाली घातलं, तसे भैय्याजी पलंगावरून म्हणाले,

"त्याले हात नको लावू."

"डॉक्टरीणबाईनं काय सांगितलं, बाबा? उठल्याबरोबर उजेड पायजे. अन् तुमी या गुफेत झोपून राहिले."

"बाहेर जाऊन बसतो ना मी."

"कधी? काल तर ब्रशही पलंगावरच केला."

भैय्याजींची उभी हयात पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीपुढे गेली, तेव्हा असा थकवा आला नव्हता. त्यांची बायको वासंती गेली आणि तो अंगात येऊन बसला. आंघोळ केली तरी दम लागे. स्नेहलनं मोबाइलवर वाचून 'अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकली' असं ठरवलं आणि तपासण्या करवल्या. नेहरू नगरच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. ग्रंथी ठीक आहे, म्हणाल्या. "शिफ्ट संपली, बायकोचं आजारपण संपलं. तुमच्या शरीराला मात्र अजून कोणी सांगितलं नाही." सकाळचं ऊन, वेळेवर झोप, थोडं चालणं. अश्वगंधा घ्यायची तर घ्या, पण तिच्या भरवशावर राहू नका.

भैय्याजींनी चूर्ण तेवढं इमानानं घेतलं.

"परवा माझी गाडी आहे," स्नेहल म्हणाली. "तुमी आपल्या मनानं उठले नाई, तर मी तुमाले एकटं सोडून नाई जात. पुण्याले चला. घराले कुलूप."

"पुण्यात काय करू? लिफ्टमधी वर-खाली?"

ती हसू दाबत सुरी ठेवून सिविक सेंटरच्या बाजारात गेली.

तो कागद वासंतीनं लावला होता, नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसाला दिवसा झोप लागावी म्हणून, कणकेची खळ शिजवून. विटला की नवा लावी. मग खिडकीबाहेरच्या व्हरांड्यात वेताच्या मोढ्यावर बसून तांदूळ निवडत गल्ली सांभाळायची. भाजीवाला ओरडला की बोट ओठावर. "धीरे, भैया. आमच्या इथं नाइट आहे."

कागदाला खाली एक भोक होतं, रुपयाएवढं. ते बुजव म्हटलं की 'बुजवते' म्हणे. नव्या कागदालाही ते असेच.

भैय्याजी भिंत धरत व्हरांड्यात आले. दम लागला म्हणून मोढ्यावर टेकले. भोक बरोबर डोळ्यांसमोर आलं. आत पाहिलं, तर त्यांची उशी दिसत होती. फक्त उशी.

मग त्यांनी बादली भरली.

स्नेहल परतली तेव्हा खिडकी मोकळी होती आणि भैय्याजी ओल्या फडक्यानं काचेवरची खळ पुसत होते.

"मी म्हटलं तर नाई. आता कावून काढला?"

"तुझी माय एका भोकातूनच पाहे," ते म्हणाले. "म्हटलं, मोकळं दिसू दे."

दुसऱ्या दिवशी कोवळं ऊन व्हरांड्यात उतरलं, तेव्हा भैय्याजी मोढ्यावर होते. गुडघे दुखत होते, डोळे चुरचुरत होते, पण ते उठून आले होते. काचेपलीकडे, त्यांच्या पलंगाजवळ खाली अंथरुणावर स्नेहल तोंडावर हात ठेवून झोपली होती. लहानपणीही अशीच झोपायची.

टिकाराम भाजीची गाडी ढकलत आला आणि त्यानं आरोळीसाठी तोंड उघडलं.

भैय्याजींनी बोट ओठावर ठेवलं.

"धीरे, टिकाराम. अंदर बिटिया सोई है."