ज्याची शिडी त्याचं नाव

मी शिडी बोलतेय. जळगाव आणि धुळे या दोन्ही बाजारांत माझ्याइतकं उंच पोचलेलं दुसरं कोणी नाही. मोठमोठे शेठ खाली गादीवर बसलेले, आणि मी थेट त्यांच्या डोक्यावरच्या पाटीपर्यंत! आता हेही सांगून टाकते, की भिंत नसेल तर मला घटकाभरसुद्धा उभं राहता येत नाही. आणि वर मी कधी गेलेच नाही. वर गेले ते माझ्यावर पाय देणारे. पण स्वतःची हकिकत सांगायची म्हटली की थोडं फुगवावंच लागतं. माणसं फुगवतात, मग मीच काय पाप केलंय?

माझा जन्म सातपुड्यातल्या बांबूचा. दोन लांब बांबू आणि मध्ये सागाच्या पायऱ्या. त्यातली वरून तिसरी पायरी सुताराने जेवणाच्या घाईत ठोकली. तिच्यावर पाय पडला की ती 'कर्रर्र' करते. कोणी पडत नाही, पण चढणाऱ्याला आपल्या सगळ्या देवांची नावं आठवतात. ही पायरी ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

मला विकत घेतलं आधार पेंटरने. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. घरी नेल्याबरोबर त्याने माझ्या डाव्या पायावर लाल रंगाने लिहिलं, 'आधार पेंटर, जळगाव'. माझी शाळा तिथूनच सुरू झाली. क किराण्याचा, ख खादीचा, उ 'उधार बंद'चा. 'ज्ञ' मात्र मला कित्येक वर्षं भेटलाच नाही. ज्ञान विकणारं दुकान आमच्या बाजारात नव्हतं.

आता या धंद्याची गंमत ऐका. साठ सालच्या पुढेमागे आमच्याकडे पेंटर पुष्कळ होते, पण "याचा हात कसा आहे?" असं एकाही दुकानदाराने कधी विचारलं नाही. ते विचारायचे, "हा कोणाचा?" त्या एका 'कोणाचा'मध्ये गाव, जात, सोयरे, शेजार सगळं येऊन जायचं. एका पिठाच्या गिरणीवर मालकाच्या मेव्हण्याने बैल काढला होता. गावातल्या शेळ्या त्याच्याकडे पाहून ओरडायच्या. पण मेव्हणा तो मेव्हणा. बैल तसाच राहिला.

दुसरी रीत माझ्याविषयीची. ज्या पेंटरची शिडी दुकानाला टेकली, ते काम त्याचं. मग दुसरा पेंटर तिकडे फिरकणार नाही. आणि पाटी झाली की कोपऱ्यात नाव शिडीवाल्याचं, रंग कोणी का लावेना. एखाद्या नव्या माणसाला काम मिळवून द्यायचं तर जुना पेंटर त्याच्याबरोबर आपली शिडी पाठवायचा. शिडी आली म्हणजे शिफारस आली. थोडक्यात सांगायचं तर मी बांबूचा वशिला होते. एकदा आधार मला एका सलूनला टेकवून चहाला गेला आणि विसरला. सलूनवाल्याने जुनी पाटी घासूनपुसून कोरी केली आणि वाट बघत बसला. दुसरे पेंटर रस्ता बदलून जायला लागले. शेवटी आधारला ती पाटी फुकट रंगवून द्यावी लागली. चहा तेवढा सलूनवाल्याने पाजला.

आधारची अक्षरं म्हणजे मोती. पण चेहरा काढायला घेतला की त्याचा हात आजोळी जायचा. राम असो, शंकर असो, साबणाच्या जाहिरातीतली बाई असो, प्रत्येकाला आधारच्या भिकनमामाचं नाक. भिकनमामाचं नाक म्हणजे साधं नाक नव्हे, भरीताचं वांगं! जळगावच्या पन्नालाल शेठच्या कापडदुकानावर आधारने लक्ष्मी काढली, तेव्हा बाजारात गर्दी जमली. खुद्द भिकनमामा समोर येऊन उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "आधार, मना चेहराम्हा इतलं तेज शे, हाई माले माहीतच नव्हतं रे!"

शेठ काही हसले नाहीत. म्हणाले, "आधार, दिवाळीच्या आत देवी बदल. मी रोज सकाळी तुझ्या मामाची पूजा करणार नाही."

आधारची झोप उडाली. तेवढ्यात भिकनमामाच त्याच्या उपयोगी पडला. मामाच्या मयत बायकोचा काळा-पांढरा फोटो मेहरूणच्या सुगंधाबाईने रंगवून दिला होता. त्या काळी फोटोवर हाताने रंग चढवायचे, आणि सुगंधाबाई एका स्टुडिओसाठी घरबसल्या ते काम करायची. फोटोतली मामी अशी जिवंत झाली होती, की तिच्यासमोर मामा विडी ओढत नव्हता.

आधार मेहरूणला गेला. सुगंधाबाईच्या घरात भिंतीवर तिनेच रंगवलेली बुद्धाची तसबीर होती. ती बघून आधार म्हणाला, "अक्का, फोटोच्या मागे शिक्का तर स्टुडिओचा असतो. तुमचं नाव कुठंच नाही?"

"शे ना भाऊ," ती म्हणाली. "रेशनकार्डवर शे."

देवी बदलायला ती दुकानाशी आली. बाई शिडी चढणार म्हणून अर्धा बाजार वजनकाटे सोडून रस्त्यावर आला. तिने पदर खोचला आणि आधारला बजावलं, "शिडी धरा, आणि खाली पहा." आधारने इतकं खाली पाहिलं, की त्याला कोणाची तरी हरवलेली अंगठी सापडली. कोणीतरी खालून विचारलं, "बाई, तुम्ही तर बुद्धाला मानता. लक्ष्मी जमेल का?" ती वरूनच म्हणाली, "नाकं सगळ्यांची माणसासारखीच काढनी पडतस बाबा."

संध्याकाळपर्यंत लक्ष्मी अशी हसायला लागली, की पन्नालाल शेठने चपला काढून नमस्कार केला. आणि कोपऱ्यात नाव? आधार पेंटर, जळगाव. बाजाराची रीत. सुगंधाबाईने त्या नावाकडे एकदा पाहिलं, ब्रश पुसला, आणि घरी गेली.

मग हेच चालू झालं. चेहरे तिचे, अक्षरं आधारची, मजुरी निम्मी-निम्मी, नाव एकट्याचं. आधार काही वाईट माणूस नव्हता. रीत आयती मिळाली की चांगला माणूससुद्धा तिच्यावर लोड लावून बसतो. "चेहरा काढावा तर आधारनेच," असं लोक म्हणायचे, तेव्हा तो मान खाली घालून लाजायचा. लाजायचा, पण नाही म्हणायचा नाही.

त्याची ही धुंदी सावद्याने उतरवली. सावद्याचे केळीचे व्यापारी मोतीलालभाऊ. त्यांनी आधारला घरी बोलावलं, गोडाधोडाचं जेवू घातलं, आणि आपल्या म्हाताऱ्या आईला, द्रौपदाबाईंना, समोर पाटावर आणून बसवलं. "हं, काढा आईचं चित्र. बसल्या बसल्या." आधारला घाम फुटला. त्याने देवाचं नाव घेऊन काढलं. अर्थात नऊवारी नेसलेला भिकनमामा झाला. द्रौपदाबाईंनी चित्र हातात घेतलं, बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "हाऊ कोन बाबा तुना? बाप का?"

जळगावला परतताना ट्रकमध्ये केळीच्या घडांवर मी आडवी आणि माझ्याशेजारी आधार आडवा. तो माझ्याशीच बोलत होता. "पुढच्या वेळी मार खाईन मी. त्यापेक्षा खरं सांगून टाकलेलं बरं." मोठमोठी शहाणपणं अशीच येतात, मार जवळ आला की.

थोड्याच दिवसांत पन्नालाल शेठने धुळ्याला आग्रा रोडवर नवं दुकान काढलं. त्याच्यावर भिंतभर पाटी हवी होती: रेशमी साडी नेसलेली बाई, आणि चेहरा असा, की मुंबई-आग्र्याच्या ट्रकवाल्याने ब्रेक मारावा. आधार त्यांच्या गादीसमोर उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "शेठजी, तुमची लक्ष्मी मी नाही काढली. सुगंधाबाईने काढली. धुळ्याचं काम तिला द्या, तिच्या नावावर."

शेठ चमकले नाहीत. फक्त म्हणाले, "कोणाची ती?"

"कोणाची म्हणजे? हात चांगला आहे तिचा."

"हाताचं कोण विचारतं? माझा भाचा महावीर चित्रकलेची परीक्षा पास आहे. घरचा पोरगा सोडून तिला का देऊ? तुझी कोण लागते?"

शेठ हिशेबाचे कागद ओढून घेणार तेवढ्यात त्याच्या तोंडून निघून गेलं, "बहीण!"

"मग आधी का नाही बोललास?" शेठ एकदम मोकळे झाले. "बहीण म्हणजे घरचीच. पाठव तिला. पण महावीरही येईल. काम ज्याचं जमेल त्याचं."

शेठाणी चंदनबाई पडद्याआडून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बहीण असेल हो. पण भिकनमामाचं नाक एकट्या भावाच्याच हाताला कसं आलं?"

धुळ्याला मी एस.टी.च्या टपावर बसून गेले. खाली तिकीट काढून बसलेल्यांनी काय पाहिलं असेल ते असेल, पांझरेचं पात्र पहिल्यांदा मी पाहिलं. दुकानाशी पोचलो तर महावीर आधीच हजर. पांढरी विजार, खिशाला तीन पेनं, आणि शिडी मात्र नाही. आधारने मला भिंतीला टेकवलं. रीतीने काम आमचं झालं. पण शेठ म्हणाले, "आधी महावीर चढेल. घरचा आहे."

महावीर माझ्यावर चढला. तिसऱ्या पायरीची आठवण आहे ना? ती बोलली, "कर्रर्र!" मी थोडंसं अंगही हलवलं, खोटं कशाला बोलू! महावीर जिथल्या तिथे थिजला. मग डोळे मिटून, एकेक पाय चाचपत खाली आला, पेनं सारखी केली, आणि शेठना म्हणाला, "मामाजी, मी वर चढत नसतो. मी खालून सांगत असतो."

सुगंधाबाई त्याच पायरीवरून दोनदा वर-खाली गेली. पायरी तेव्हाही ओरडली. ती फक्त म्हणाली, "वरड मनी बाई, वरड."

दोन दिवस काम चाललं. आधी साडी आली, मग मान, मग ओठ. शेवटी डोळे आले तेव्हा खाली उभे असलेले पन्नालाल शेठ दोन पावलं मागे सरकले. वरची बाई कोणी सिनेमावाली नव्हती. ती चंदनबाई होती, लग्नाच्या वर्षातली. सुगंधाबाईने तिला जळगावात, लक्ष्मी रंगवताना, पडद्याच्या फटीतून जेमतेम पाहिलं होतं, आणि मधली सगळी वर्षं ब्रशने पुसून टाकली होती. शेठबरोबर धुळ्याला आलेल्या चंदनबाईंनी मान वर केली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि नवऱ्याला एवढंच विचारलं, "तेव्हा पाहिलं होतं का मला असं?" शेठ एकदम दुकानात काहीतरी शोधायला गेले.

बाहेर आले आणि म्हणाले, "काम पास. आधार, कोपऱ्यात तुझं नाव टाक."

"माझं नाही शेठजी. तिचं."

"बहीण तुझी, शिडी तुझी. पायावर नाव लिहिलंय तुझं. ज्याची शिडी त्याचं नाव. मी उद्या रीत मोडली तर बाजार मला काय म्हणेल?"

सुगंधाबाई वरच होती. तिने ब्रश डब्यात ठेवला आणि पायऱ्या उतरायला लागली. मला वाटलं, आता ही पुन्हा पहिल्यासारखीच ब्रश पुसून घरी जाणार. मी एवढी हसरी शिडी, पण तेव्हा माझ्या बांबूत कसंसंच झालं.

तेवढ्यात आधार खाली बसला. त्याने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि माझा डावा पाय घासायला लागला. एवढ्या वर्षांचं नाव, सहज जाईना. मला गुदगुल्या होत होत्या. 'जळगाव' गेलं, 'पेंटर' गेलं, शेवटी 'आधार' गेलं. मग उभा राहून म्हणाला, "शेठजी, बहीण म्हटलंय मी. भावाने बहिणीला काही दिलंच पाहिजे. ही शिडी तिची."

बाजार हसला. शेठनी चंदनबाईंकडे पाहिलं. चंदनबाई पाटीकडे पाहत होत्या. शेठ म्हणाले, "मग अडलंय कुठे? रीतीप्रमाणे लिहा."

सुगंधाबाई तिसऱ्या पायरीवर थांबली होती. म्हणाली, "राखी आमना घरम्हा नही भाऊ. शिडी मातर चालंल." आणि परत वर गेली. कोपऱ्यात अक्षरं थोडी वाकडी आली, कारण आपलं नाव मोठ्या ब्रशने लिहायची सवय तिला नव्हती: 'सुगंधाबाई, मेहरूण'.

तेव्हापासून मी मेहरूणची. आता माझ्या दोन पायऱ्या दोरीने बांधल्यात, एका बांबूला चीर गेलीय, आणि पावसाळ्यात कोंबड्या माझ्यावर झोपतात. सुगंधाबाईकडे मात्र धुळ्यापासून सावद्यापर्यंतची माणसं येतात. मोतीलालभाऊसुद्धा आले, आणि या वेळी द्रौपदाबाई पाटावर नाक पुढे करून बसल्या.

तुम्हालाही माझं एक सांगणं आहे. कोणाचा हात चांगला दिसला तर "कोणाचा?" विचारत बसू नका. आपली शिडी त्याच्याकडे टेकवा, आणि जमलं तर पायावरचं नावही पुसा. भिंतीला टेकून फुकट सल्ला द्यायला मला काय जातं म्हणा!

कालच आधार आला होता. बिचाऱ्याने दुसरी शिडी अजून घेतलेली नाही. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग हळूच म्हणाला, "अक्का, दाणाबाजारात मोठी पाटी मिळालीय. नुसती अक्षरंच आहेत. शिडी नेऊ का दोन दिवस?"

सुगंधाबाईने ब्रश धुता धुता मान वर केली.

"लई जा ना भाऊ. पन कोपराम्हा नाव कोनं लिखशी?"