गुलबर्ग्याला नेलेली सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. एके काळी माझे निळे-तांबडे पट्टे दुरून उठून दिसायचे. आज अफजलपूरच्या एका घरात माझ्यावर तुरीची पोती रचलेली असतात. सोलापूरच्या मागावर मी विणली गेले आणि शारदाबाईंच्या लग्नात या घरी आले. बारसं असो, भजन असो, मला अंथरल्याशिवाय कुणी बसत नसे. मऊ आहे म्हणून बायका माझ्यावरून हात फिरवायच्या. गाणं ऐकायला मात्र मला एकदाच नेलं, आणि त्या दिवसाची चीड अजून माझ्या धाग्यांत आहे.

गुलबर्ग्याच्या मैदानावर दिवसभर नव्या चालीच्या गाण्यांचा मेळा भरणार होता. हैदराबादहून, बंगळूरहून, अगदी सिलोनहूनही गाणारे येणार होते. शारदाबाई शाळेत शिकवायच्या. रेडिओवर सिलोनची गाणी लागली की त्यांची तव्यावरची भाकरी करपायची. त्यांनी आठवडाभर आधी बेत केला. पहाटेची बस, सोबत भाकरी आणि शेंगाचटणी, मैदानातल्या कडुलिंबाखाली जागा, दुपारी सिलोनच्या गाणाऱ्यांची पार्टी, संध्याकाळच्या बसनं परत.

घरच्यांनी होकार दिला आणि त्यात आपापली कामं घातली. त्यांचे यजमान गुंडेराव पाटबंधारे कचेरीत होते. मोठ्या साहेबांना भेटून येऊ म्हणाले. सासूबाई सुमतीबाईंना शरणबसवेश्वराचं दर्शन हवं होतं. त्यांची भाची नलिनीबाई हिच्याकडे पाच मिनिटं टेकायचंही ठरलं.

साहेब आंघोळीला गेले होते. देवळात रांग होती. नलिनीबाईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी गुंडेरावांच्या काखेत सुतळीनं बांधलेली. दुरून गाण्याचा आवाज यायचा, शारदाबाई उठायच्या, आणि कुणीतरी त्यांना पुन्हा बसवायचं.

आम्ही पोचलो तेव्हा मेळा संपला होता. माणसं तारा गुंडाळत होती. सिलोनची पार्टी केव्हाच गाऊन गेली होती.

"कामून तोंड पाडायलीस? पुढच्या वर्षी येऊ की," गुंडेराव म्हणाले.

शारदाबाईंनी मला गुंडेरावांच्या काखेतून ओढून घेतलं. त्यांनी सुतळी सोडली, मला लिंबाखाली अंथरलं आणि रिकाम्या मंचाकडे तोंड करून बसल्या. बस चुकेल, लोक बघायलेत, असं गुंडेराव दोनदा म्हणाले.

"जेवढा वेळ गाणं ऐकायचं ठरलं होतं, तेवढा वेळ मी हितं बसणार हाय," त्या म्हणाल्या. "तुमची कामं झाली न्हवं?"

सुमतीबाई हळूच येऊन माझ्या कडेला बसल्या. गुंडेराव उभेच राहिले. संध्याकाळची बस गेली. भाकरीचा डबा कुणीच उघडला नाही.

पुढच्या वर्षी मेळा भरलाच नाही.

मित्रांनो, कुणी एखादा दिवस मनापासून ठरवला असेल तर त्यात आपली कामं कोंबू नका. आणि जमलं तर मला या पोत्यांखालून काढा, झटका, उन्हात घाला. थोडी विरले असले तरी माझ्यावर चौघं अजून आरामात बसतील.