दोघांचं बटण बारावर

दादा माझ्यापेक्षा कमी कशात होता? मी विचारत राहिलो.

मी अ‍ॅम्प्लिफायर बोलतोय. डेन्मार्कमधल्या आल्बोर्गजवळच्या एका लहानशा कारखान्यात ज्या हातांनी मला जोडलं, त्याच हातांनी माझ्या आधी दादाला जोडलं होतं. मी व्हिगोच्या घरी आलो तेव्हा दादा तिथे मुरलेला होता.

ठेवायचा होता एकच. व्हिगोची बायको बोडिल म्हणाली होती, "दोन-दोन लोखंडी पेट्या माझ्या बैठकीत नकोत." म्हणून शनिवारी मित्र जमले. कॉफी झाली, दालचिनीचे पाव झाले. कोण वाजतोय ते दिसू नये म्हणून आमच्यावर चादर टाकली. दोघांचं आवाजाचं बटण बारावर ठेवलं आणि एकच गाणं आधी दादातून, मग माझ्यातून ऐकलं.

"दुसरा! काय खुललाय लेका!" प्रेबेन ओरडला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

बोडिल विणता विणता म्हणाली, "अरे, तो नुसता मोठ्याने वाजतोय, म्हणून चांगला वाटतोय. आवाज मोजून सारखा केलात का?"

"बटणं दोन्ही बारावर आहेत की! तू तुझे टाके मोज, बाई," प्रेबेन म्हणाला.

सगळे हसले. माझं बटण त्याच जागी जरा जास्त आवाज सोडतं. माझी घडणच तशी आहे.

दादाला प्रेबेनने आपल्या समुद्रकाठच्या उन्हाळी घरात नेलं. हिवाळाभर ते घर बंद, गार. ओल दादाच्या आतपर्यंत गेली. वसंतात त्याला चालू केलं, तर एकदा तडतडला आणि संपला.

"तुमचा म्हातारा गेला बरं का," प्रेबेन आमच्याकडे जेवताना म्हणाला. "लोणी सरकव जरा."

व्हिगोने लोणी सरकवलं.

तेव्हापासून मला काही वाटत नाही. तापतो, वाजतो, निवतो. काल एक नवा खोका घरात आला आहे. शनिवारी पुन्हा चादर पडेल. माझं काय व्हायचं ते होवो. फक्त या वेळी बटणाकडे बघू नका, आवाज मोजा.

दादाला न्यायला गाडी दारात आली, त्या सकाळी बोडिलने दादावर एक जुनी कॅसेट लावली. तीत तिची वारलेली बहीण भांडी घासता घासता गात होती. व्हिगो तार काढायला वाकला होता, तो तसाच थांबला. बाहेर प्रेबेन भोंगा वाजवत होता. दादाने नळाचं पाणी ऐकवलं, दोन ओळींमधला तिचा श्वास ऐकवला, आणि ते गाणं शेवटपर्यंत नेलं.