कोपऱ्यातला गणपती

"काकू, स्थळ घेऊन एका अनोळखी माणसाचा फोन आला, त्याला माझी जन्मवेळसुद्धा ठाऊक होती!" अपूर्वा फोनवर रडकुंडीला आली होती. "म्हणाला, मुलगा दुबईला असतो, रात्री व्हिडिओ कॉलवर ये, एकटीच. पहाटे चार बावीस ही वेळ तुमच्याशिवाय कुणाकडे आहे?"

लतिका साटमांच्या पायाखालची जमीनच सरकली. परळला तीस वर्षं त्यांचं वधूवर सूचक केंद्र. लोक डोळे मिटून आपल्या लेकींचे फोटो त्यांच्या हवाली करायचे. त्यांनी लागलीच जगदीशला बोलावलं. केंद्रातला कॉम्प्युटर त्यानेच बसवून दिला होता.

आल्या आल्या त्याने स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवलेला गणपती पाहिला.

"हे काय काकू?"

"तिथे सारखं काहीतरी यायचं रे, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा म्हणून. वर ती लाल फुली. समोर मुलीचे आईवडील बसलेले, बरं दिसतं का? मीच जमवलेल्या लग्नाची पत्रिका होती, त्यातला बाप्पा कापून लावला."

जगदीशने कागद उचकटून काढला. लाल फुली जागच्या जागी होती. त्याचा चेहरा उतरला.

"ही विंडोज बिनलायसन्सची आहे, काकू. विकतची परवडत नाही म्हणालात, म्हणून मी टाकून दिली. अँटिव्हायरस तिला चालू देईना, तर तोच बंद केला. ही फुली तेच सांगत होती. दोन वर्षं दार सताड उघडं!" मग तो हळूच म्हणाला, "पण टेन्शन नको. खरी विंडोज टाकतो. इथूनच गेलं हे कोण सिद्ध करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी रे, पण पोरी लोकांच्या आहेत ना!"

काय छातीची बाई म्हणावी! दुसरं कुणी असतं तर कानावर हात ठेवून मोकळं झालं असतं. काकूंनी वही काढली आणि चारशे अकरा घरी फोन लावले. तीन दिवस लागले. "तुमच्या मुलीची माहिती माझ्याकडून बाहेर गेली. अनोळखी फोन आला तर बोलू नका. चूक माझी आहे." जगदीशचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. कुणी तोंडाला येईल ते बोललं, कुणी फोनच आपटला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

करी रोडचे लवूदादा मात्र शांतपणे म्हणाले, "गे लतिका, माझ्या दोनय चेडवांची लग्ना तूच जमवलंस. पण नातीचा नाव आता काढून टाक."

"काढते, दादा."

तो फोन ठेवल्यावर काकू बराच वेळ पदराने डोळे टिपत राहिल्या. मग त्यांनी पुढचा नंबर लावला.

चौथ्या दिवशी सकाळी जगदीश आला तेव्हा काकू दारापाशी स्टुलावर चढून पाटीची शेवटची ओळ ब्लेडने खरवडत होत्या. 'माहिती पूर्णपणे गुप्त ठेवली जाईल.'

"राहू द्या ना काकू! आता विंडोज खरी आहे."

"ती खरी आहे. ही ओळ नाही."

शेवटचं अक्षर निघेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. मग खाली उतरल्या, हात धुतले आणि केंद्र उघडलं.