चुकीच्या पानावरची फीत

बाई आमच्या चर्चमध्ये एकेचाळीस वर्षं रविवारचं वचन वाचत होत्या, आणि त्यांचं वाचन माझ्यामुळे बंद झालं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाला माझ्याबद्दल उगाच बरं वाटायला नको.

मी चर्चचा रखवालदार. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, किल्ल्या सांभाळायच्या. या कामाला अक्षर लागत नाही, म्हणून माझं आयुष्य त्यावाचून निभावून गेलं. बायको गेल्यावर मात्र घर खायला उठायचं. तेव्हा बाईच म्हणाल्या, "गुरुवारी दुपारी मागच्या खोलीत येत जा. पाटी मी आणीन."

मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. बाई शाळेतून कधीच्या निवृत्त झालेल्या. मंडळीतल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी कधी ना कधी पिळले होते. आता माझी पाळी आली. मी पेन्सिल अशी दाबायचो की टोक मोडायचं.

"जोर कशाला लावतोस?" त्या म्हणायच्या. "अक्षर आहे ते, गंजलेलं कुलूप नाही. सावकाश उघड."

मला सरळ वाचता यायला तीन वर्षं लागली. मग मी पाळकसाहेबांकडे एक काम मागून घेतलं. चर्चमध्ये पुढे उंच मेजावर शास्त्राचं मोठं पुस्तक असतं. शनिवारी त्यात दुसऱ्या दिवशीच्या वाचनाच्या जागी लाल फीत घालून ठेवायची असते. पाळकसाहेब महिन्याच्या वाचनांची चिठ्ठी करायचे. एक मेजाच्या खणात असायची, एक बाईंच्या घरी जायची. फीत तोवर पाळकसाहेब स्वतः घालत. आता ती मी घालू लागलो. चिठ्ठी वाचायची, अध्याय शोधायचा, बोटाने दोनदा तपासायचं. त्या फितीचा मला केवढा अभिमान होता ते काय सांगू.

दीड महिना झाला आणि माझी चूक झाली. खणात नव्या महिन्याच्या चिठ्ठीखाली जुनी चिठ्ठी राहिली होती. मी जुनीच काढली. त्या रविवारी वाचायचं होतं ते स्तोत्र, पुस्तकाच्या मध्यावरचं, म्हातारपणी मला टाकून देऊ नकोस अशी देवाला विनवणी असलेलं. फीत मी घातली शेवटी शेवटी, प्रेषितांच्या पत्रांमध्ये.

मला याचा पत्ता नव्हता. मी मागे घंटेच्या दोराजवळ उभा होतो. बाई दोन पायऱ्या चढल्या, फितीवर पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि स्तोत्र वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. बोट ओळीवरून सरकत होतं, मध्ये एकदा त्यांनी पानही उलटलं.

उपासना संपल्यावर मी पुस्तक मिटायला गेलो आणि पान बघितलं. पुन्हा बघितलं. तिथे स्तोत्र नव्हतंच. खण उघडला, तर मी काढलेली चिठ्ठी गेल्या महिन्याची निघाली.

बाईंना दिसत नव्हतं. केव्हापासून, देव जाणे. नंतर कळलं की त्यांची भाची, जी घरी शिवणकाम करायची, ती दर शनिवारी त्यांना धडा मोठ्याने वाचून दाखवायची. चार-पाच वेळा ऐकलं की बाईंचा पाठ व्हायचा.

आज वाटतं, ते पाहून मी तिथेच गुडघे टेकायला हवे होते. ऐंशी वर्षांची बाई दर आठवड्याला एक धडा तोंडपाठ करते, कशासाठी, तर रविवारी मंडळीपुढे उभं राहता यावं म्हणून. पण मला तेव्हा नवं नवं अक्षर आलं होतं. तीन वर्षं मी एकेका अक्षराशी झगडलो होतो. माझ्या लेखी वाचन म्हणजे डोळ्यांनी अक्षर उचलायचं आणि तोंडाने सोडायचं. बाकी सगळी लबाडी. मला राग आला. ज्यांनी मला वाचायला शिकवलं त्या स्वतः वाचतच नाहीत, आणि हे एकट्या मला कळलंय, असं काहीतरी डोक्यात शिरलं.

मी पाळकसाहेबांना सांगितलं, "बाईंना दिसत नाही. त्या पाठ म्हणतात. आज पान भलतंच होतं."

त्यांनी विचारलं, "फीत कुठे होती?"

मी म्हणालो, "फीत बरोबर होती. बाईंनी पुस्तक चुकीच्या जागी उघडलं."

एवढंच वाक्य. ते बोलायला मला जराही वेळ लागला नाही.

चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांची बैठक बसली. मी पाणी द्यायला आत होतो. पंचांमध्ये औषधाच्या दुकानाचा मालक होता, मंडळी त्याला गोळीवाले म्हणायची. मनाने वाईट माणूस नव्हे.

"पान चुकतंय म्हणजे उद्या पायरी चुकेल," गोळीवाले म्हणाले. "मग आपणच म्हणणार, वेळेवर का नाही थांबवलं."

"बाईंना वाईट वाटेल," पाळकसाहेब म्हणाले.

"त्यांनी पुष्कळ केलं साहेब. आता मंडळीने त्यांच्यासाठी करायचं. विश्रांती देऊ."

कोणी कठोर बोललं नाही. सगळे प्रेमानेच बोलत होते. बाईंना आपण काढतोय असं कोणाला वाटलंही नाही. पुढच्या रविवारी फुलं दिली, मानपत्र वाचलं, वडीलधाऱ्यांना मान द्यावा यावर पाळकसाहेबांनी चांगला उपदेश केला. बाई उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "माझ्या वर्गात कोणाची सुट्टी मी एवढ्या लवकर मंजूर केली नव्हती." लोक हसले. मीही हसलो.

मग प्रश्न आला, वाचायचं कोणी. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणायला हवं होतं.

पहिल्या रविवारी मी अडखळत वाचलं, पण लोकांनी पाठ थोपटली. बाई तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. मी मान वर केली की त्यांचे ओठ दिसायचे. मी ओळीच्या मध्यावर असायचो तेव्हा त्या ओळ संपवून पुढच्या ओळीवर गेलेल्या असायच्या. भाची अजून शनिवारी वाचून दाखवत होती तर. एखाद्या शब्दावर मी अडकलो की त्यांचे ओठ थांबायचे, माझी वाट बघायचे, आणि मी सुटलो की पुन्हा चालू लागायचे.

तीन महिन्यांनी त्यांनी यायचं सोडलं. कोणी आणायला गेलं नाही. आमच्याकडे एक यादी असते, घरी असलेल्या वृद्धांची. त्यात नाव चढलं की चर्च तुमच्या घरी येतं. महिन्यातून एकदा पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन जातात, प्रार्थना करतात, तब्येत विचारतात, पंधरा मिनिटांत पुढचं घर. बाईंना चालता येत होतं, तरी त्यांचं नाव यादीत चढलं. त्या यादीतून नाव उतरतं ते एकाच कारणाने.

सामानाची पेटी मीच उचलायचो. बाकी सगळ्या घरांत मी आत जायचो. बाईंच्या दारात मात्र पेटी भाचीच्या हातात द्यायचो आणि म्हणायचो, "तुम्ही व्हा आत, मी गाडीजवळ थांबतो." दोन वर्षं मी त्या गाडीजवळ उभा राहिलो. तिला कोणी पळवून नेणार होतं अशातली गोष्ट नाही.

एकदा भाचीच चर्चच्या फाटकात येऊन उभी राहिली. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती.

"काका, मावशीचं काही तुमच्या हातून बिघडलंय का?"

"का गं?"

"तुमच्या वाचनाची चौकशी करते आणि तुम्ही दारातून पळता म्हणून. शनिवारी मी वाचू का विचारलं की म्हणते, कशाला, रविवार कुठे आहे मला. आणि आता विसरायला लागली आहे. परवा मलाच विचारलं, तू कोणत्या वर्गात. या एकदा. घर काही चावत नाही."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. बाई खिडकीशी खुर्चीत होत्या, गुडघ्यांवर भाचीची चिंध्यांची पिशवी. कापडाला हात लावून सुती वेगळं, लोकरी वेगळं करत होत्या.

"कोण?"

"मी, बाई. घंटेवाला."

"बस. गृहपाठ केलास?" म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "दोन वर्षांची सुट्टी घेतलीस की रे."

त्या दिवशी त्यांचं डोकं साफ होतं. मी पुस्तक नेलं होतं. म्हणालो, काय वाचू? त्यांनी तेच स्तोत्र सांगितलं. मी वाचू लागलो, आणि त्याही म्हणू लागल्या, माझ्या पुढे, पहिल्यासारख्या. निम्म्यावर आल्यावर त्या थांबल्या. मी पुढची ओळ देणार तेवढ्यात हात वर केला.

"सांगू नकोस. आठवू दे."

मशीन चालवणारी भाचीही थांबली. बाईंनी हातातली चिंधी तीनदा दुमडली, तीनदा उलगडली. ओळ आली नाही.

माझ्याने राहवेना. "बाई, ते मी सांगितलं होतं पाळकसाहेबांना. तुम्हाला दिसत नाही म्हणून. आणि पान तुम्ही चुकवलं नव्हतं. फीत मीच भलतीकडे घातली होती."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"हातांनी सांगितलं. स्तोत्रं म्हणजे पुस्तकाचा मध्य. दोन्ही बाजूंना सारखं वजन लागतं. त्या दिवशी उजवीकडे बोटभर पानंसुद्धा नव्हती. कळलं, घंटेवाल्याने घोटाळा केला."

"मग मध्यावर का नाही उघडलंत?"

"पानं उलटत बसले असते तर सगळ्या मंडळीला कळलं असतं, फीत चुकली. दीड महिना झाला होता तुला ते काम मिळून." त्या साधेपणाने बोलत होत्या, हिशोब मागितल्यासारखं नाही. "म्हटलं, रविवारनंतर तुला एकट्याला गाठून सांगू."

त्या बाईने माझी चूक आपल्या बोटाखाली झाकली होती, आणि मी तीच चूक त्यांच्या नावावर लावली होती.

त्याच आठवड्यात मी पंचांपुढे उभा राहून सगळं सांगितलं. गोळीवाले चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "हे तेव्हा सांगायचं होतं." पाळकसाहेब म्हणाले, "त्याला काय बोलायचं? पान चुकलं म्हणून आपण बाईंना बसवलं. त्यांना एका शब्दाने विचारलं कोणी?"

आम्ही दोघं बाईंकडे गेलो. पाळकसाहेबांनी माफी मागितली, आणि पुन्हा वाचायला या म्हणाले, पुस्तक उघडायचीही गरज नाही म्हणाले. मी पायऱ्यांना लाकडी कठडा बसवायचं कबूल केलं. मला वाटत होतं, आता बाई हो म्हणतील आणि माझ्या छातीवरचा दगड उतरेल.

बाईंनी मान हलवली. "उशीर झाला, साहेब. तेव्हा चार ओळी चुकले असते तर तुम्ही सांभाळून घेतलं असतं. आता चारच ओळी राहिल्यात. शनिवार होता म्हणून पाठ राहायचं. शनिवार गेला, तसं तेही गेलं."

"आमच्याकडून काही होण्यासारखं असेल तर सांगा," पाळकसाहेब म्हणाले.

"यादीतून माझं नाव काढा. चर्चने माझ्या घरी यायला मी अजून मेले नाही. मला तिसऱ्या बाकावर बसायचं आहे. कोणीतरी न्यायला या." मग माझ्या दिशेने, "याला पाठवा. गाडी राखायची चांगली सवय आहे याला."

कठडा मी तरीही बसवला. त्यावर हात टेकून आता मीच चढतो, गुडघे माझेही बोलू लागलेत. फीत शुक्रवारी घालतो आणि शनिवारी पुन्हा तपासतो. रविवारी पहिली घंटा देऊन बाईंना आणायला जातो. वाटेत त्या कधी मला ओळखतात, कधी शाळेचा शिपाई समजतात आणि गळक्या छपराची तक्रार करतात. मी म्हणतो, बघतो बाई.

वाचताना मी मान वर करतो. त्यांचे ओठ हलत असतात. पूर्वी ते माझ्या पुढे असायचे. आता मी ओळ संपवतो, थांबतो, आणि मग ते हलतात.