लिंडक्विस्टांची जागा

"म्हणजे लिंडक्विस्टांची जागा विकलीस तर!" गावच्या धान्यकोठारावर कॉफीत साखर ढवळत म्हातारा ड्वेन म्हणाला.

"माझी जागा विकली," व्हर्ना नोवोत्नी म्हणाली.

"तेच ते. लिंडक्विस्टांची."

सगळे हसले. व्हर्नाही हसली, पण कॉफी अर्धीच टाकून उठली.

लिंडक्विस्ट मंडळी ती जन्मायच्या आधीच धुळीच्या वादळांना कंटाळून पश्चिमेला निघून गेली होती. त्यांचं पडकं घर उतरवून तिनं आणि नवऱ्यानं, एमिलनं, नवं बांधलं, वारा अडवायला सीडरच्या झाडांची रांग लावली, तिथंच पोरं वाढवली, तिथूनच एमिलला शेवटचं नेलं. पण या कौंटीत जागेला नाव राहतं ते गेलेल्याचं. राहणाऱ्याला कोण विचारतो! "शाळा होती तिथं वळा, लिंडक्विस्टांकडे या," असंच तीही पाहुण्यांना सांगत आली. शाळाही केव्हाच जमीनदोस्त झाली होती.

गुडघे थकले, म्हणून गावात खोल्या घेतल्या. त्याचं दुःख नव्हतं. पण सारा जन्म या मातीत घातला आणि मातीनं आपलं नाव एकदाही ओठांवर घेतलं नाही, हे सलत होतं.

कौंटीच्या खडीच्या रस्त्यांवर पात्यानं खडी सारखी करणारा ग्रेडर फिरवणं हे तिचं काम, आणि आज शेवटची फेरी. दोन्ही बाजूंना गवतच गवत. वारा आला, गवत वाकलं. वारा गेला, गवत उठलं.

सरळ रस्ता जिथं एकदम बाजूला सरकतो, तिथं एक पिकअप नाक खुपसून चरात पडली होती. शेजारी एक तरुण मुलगी कमरेवर हात ठेवून उभी.

"गेलीस ना सरळ?" व्हर्नानं वरूनच विचारलं.

"मी सरळच होते बाई, रस्ता सरकला!"

"पृथ्वी गोल, आणि मोजणीवाल्यांनी जमिनीचे पाडले सरळ चौकोन. ते जुळेनात, उरलेला फरक इथं ढकलून दिला. नवखा माणूस इथं पडतोच."

साखळी लावून तिनं गाडी ओढून काढली. मागे गादी, खुराड्यातल्या कोंबड्या, डब्यात लावलेलं प्लमचं रोप.

"कुठं निघालीस?"

"नोवोत्नींच्या जागेवर. आम्हीच घेतलीय ती, एजंटाकडून."

व्हर्नाचा हात साखळीवरच थांबला. "कुणाच्या?"

"नोवोत्नींच्या. कोठारावर एकजण लिंडक्विस्ट म्हणाला, तर साखर ढवळणारा म्हातारा त्याच्यावर खेकसला, 'नोवोत्नींची म्हण, व्हर्ना गेली आता तिथनं!' तुम्ही ओळखता त्यांना?"

"ओळखते," साखळी गुंडाळत व्हर्ना म्हणाली. "सीडरची रोपं होती, तेव्हा बादल्यांनी पाणी घालायची."

मुलगी जरा घुटमळली. "आमचं नाव लागेल का हो कधी? मी मारिसोल. मारिसोलची जागा म्हणून?"

"लागेल ना." व्हर्ना शिडी चढून ग्रेडरवर बसली. "पण घाई करू नकोस, पोरी. ये माझ्यामागून."

तिनं पातं खाली सोडलं. चाकोऱ्या बुजत गेल्या, खडी सारखी होत गेली, आणि त्या ताज्या रस्त्यावरून कोंबड्यांची पिकअप हळूहळू नोवोत्नींच्या जागेकडे निघाली.