टाळकऱ्यांनी उचललेला कायदा

नरसिंहपूरच्या सप्ताहात त्या संध्याकाळी कीर्तनाआधी बारामतीच्या वकीलबाई तेजश्री बोलायला उभ्या राहिल्या. त्या आणि त्यांचे सोबती सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून कायदा समजावतात, फुकट. सप्ताह कमिटीचे प्रमुख तात्याबा यांनीच त्यांना बोलावलं होतं. "हेल्मेट, मतदान, असलं कायतरी सांगा," एवढंच बजावून.

पण बायकांच्या बाजूनं साखरबाई उठली. तात्याबांची धाकटी भावजय, गेल्या साली विधवा झालेली.

"बाई, दीर म्हणत्यात घर त्यांच्या नावावर हाय, काला झाला की सांगवीला माहेरी निघ. जावंच लागंल का मला?"

सगळ्यांच्या माना तात्याबांकडं वळल्या.

"नाही," तेजश्रीताई म्हणाल्या. "ज्या घरात तुम्ही नांदलात, ते कुणाच्याही नावावर असो..."

तात्याबांनी बोटानं खूण केली आणि माईक मुका झाला.

"लाईट गेली," तात्याबा म्हणाले. डोक्यावर दिवे लखलखत होते.

कीर्तनकार श्रीपतीबुवा उठले. "आपला देव खांब फोडून गरजला, त्याला माईक लागला व्हता का रं?" मग आम्हा टाळकऱ्यांकडं वळून म्हणाले, "घ्या, बाईंचं चरण उचला."

बुवांचं चरण आम्ही रोज उचलतो, तसंच हे उचललं. वकीलबाई एक वाक्य बोलायच्या आणि आमच्या दोन्ही रांगा ते चालीवर शेवटच्या माणसापर्यंत न्यायच्या.

"घर कुणाच्याही नावावर असो, कोर्टाच्या हुकुमाबिगर बाईला काढता येत न्हाई!"

पखवाजावरच्या विराजला राहवेना, त्यानं ठेका धरला. दुसऱ्या फेरीला बायकाही म्हणू लागल्या. नामाच्या गजरात येतो तसा काटा माझ्या अंगावर आला. कीर्तन अजून सुरू व्हायचं होतं, पण आमचा देव नरहरी मंडपात येऊन बसला होता, यात मला शंका नाही.

"देवाच्या दारात कायदा गाताय? पाप हाय!" तात्याबा ओरडले.

"आन विधवेला घराभाईर काढायचं, ते पुण्य व्हय?" यशोदाकाकू बसल्या जागेवरून म्हणाली. हशा पिकला.

तात्याबा लालबुंद झाले. "साखरे, उद्या तुला सांगवीला न्यायला जीप दारात उभी राहील!"

"राहू द्या की, भावजी." साखरबाईनं पदर खोचला. "उद्याच्या काल्याच्या भाकरी देवळात आणायला जीप लागतीच. माझ्या चुलीवर करणार हाय मी. यशोदाकाकू, समद्या जणी थापायला या."

सकाळी जीप खरंच आली. ड्रायव्हर उतरला, तर ओट्यावर बायाच बाया, हात पिठात. "सामान कुठाय?" त्यानं विचारलं. यशोदाकाकूनं भाकरींची पाटी त्याच्या हातात दिली. दुसरी दिली. मग तिसरी. तो बिचारा जीपमध्ये भरत राहिला.

साखरबाई उंबरा ओलांडून बाहेर आलीच नाही. आतूनच म्हणाली, "भावजींस्नी सांग, काला झाला की जेवायला माझ्या घरी या."